‘रिक्षाचालक रातोरात मुख्यमंत्री’ या दाव्यातून गाळलेली २५ वर्षे

एकनाथ शिंदे यांनी ३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरतो आहे : ठाण्यातील एक रिक्षाचालक रातोरात मुख्यमंत्री झाला, तळातून इतक्या वर कोणी गेल्याचे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले नव्हते आणि घराणेशाहीशी त्याचा काही संबंध नाही. समर्थक हा मजकूर कौतुकाने पाठवतात, विरोधक कुचेष्टेने. चूक मात्र दोघांची एकच आहे.

शिंदे यांनी उमेदीच्या काळात रिक्षा चालवली, हे ते स्वतः सांगतात आणि त्याबद्दल वाद नाही. मात्र १९९७ मध्ये ते ठाणे महापालिकेत नगरसेवक झाले आणि २००१ मध्ये सभागृह नेते. महापालिकेत प्रशासनाची सूत्रे आयुक्तांकडे आणि खर्चाच्या मंजुऱ्या स्थायी समितीकडे असतात, त्यामुळे सभागृह नेत्याला स्वपक्षाचे नगरसेवक सांभाळत, मित्रपक्षाची मनधरणी करत आणि अधिकाऱ्यांशी जुळवून घेत प्रस्ताव सर्वसाधारण सभेतून पार न्यावे लागतात. पुढे आमदारांची मोट बांधण्यासाठी लागलेले कसब याच सभागृहात घडले, असे माझे मत आहे. ऑगस्ट २००१ मध्ये शिंदे यांच्या पक्षाचे, शिवसेनेचे, जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचे निधन झाल्यावर ठाण्याच्या शिवसेनेत पोकळी निर्माण झाली. शिंदे २००४ मध्ये आमदार आणि त्यानंतर जिल्हाप्रमुख झाले. २०१४ मध्ये ते काही आठवडे विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते आणि त्याच डिसेंबरात मंत्री झाले. २०१९ नंतर त्यांच्याकडे नगरविकास खाते आले, म्हणजे ज्या खात्याकडे महापालिकांना आपले विकास आराखडे मंजुरीसाठी पाठवावे लागतात, तेच एका माजी नगरसेवकाच्या हाती आले. मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामांचे नियम, २०२० च्या डिसेंबरात याच खात्याने मंजूर केली.

अखेरची पायरी मात्र ज्येष्ठतेने मिळाली नाही, हे मान्य करावे लागेल. पक्षातील बंड आणि १०० हून अधिक आमदार असलेल्या भाजपने मोठा पक्ष असूनही सोडलेले पद, या दोन्हींवाचून ती चढता आली नसती.

अपूर्वतेचा दावा तर फार काळ टिकतच नाही. मनोहर जोशी मुंबईचे नगरसेवक व महापौर होते आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक, पुढे महापौर आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले.

राहिला घराण्याचा मुद्दा. शिंदे यांना राजकीय वारसा मिळाला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ असेल तर तो खरा आहे. परंतु त्यांचे पुत्र श्रीकांत शिंदे २०१४ मध्ये कल्याणमधून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा वडील त्याच जिल्ह्यातील पक्षाचे सर्वांत वजनदार नेते होते.