पाऊलठसा मोजावा, पण बेताने

पंचवटीत वाढलेल्या माणसाला पाऊलठशाचे कौतुक शिकवावे लागत नाही. आपल्या गावात दगडावर पावलाची खूण दिसली की तिच्यावर हळदकुंकू वाहतात, तिला पट्टी लावत नाहीत. त्यामुळे शहराच्या उपभोगाचा पर्यावरणीय पाऊलठसा मोजून त्याच्या आधारे शाश्वत विकासाचे धोरण ठरवावे, अशी टूम उद्या निघाली आणि प्रभागातील एक जाणते नागरिक म्हणून आपल्याला त्या समितीवर घेतले, तर गडबडून जाऊ नये. मोजणीला विरोध करणे अडाणीपणाचे दिसते. मोजणी मनासारखी करून घेणे हे मात्र सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे, आणि तिची रीत येथे सांगत आहे.

मूळ कल्पना नीट समजून घ्यावी, म्हणजे ती कोठे वाकते तेही कळते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वाकरनागेल यांनी एक साधाच प्रश्न मांडला: एखादे गाव जे खाते, नेसते, जाळते, ते सगळे पिकवायला आणि त्याचा धूर जिरवायला किती जमीन लागते? शेतजमीन, कुरण, लाकूडफाट्याचे जंगल, मासेमारीचे पाणी, बांधकामाखालची जागा आणि कार्बन शोषून घेणारे जंगल असे सहा प्रकार धरून उत्तर ग्लोबल हेक्टरमध्ये काढतात. ग्लोबल हेक्टर म्हणजे जगाच्या सरासरी उत्पादकतेचा एक हेक्टर. जगाच्या एकूण बेरजेत निम्म्याहून मोठा वाटा एकट्या कार्बनचा असतो.

आता आपला हिशेब. भारतीय माणसाचा ठसा साधारण १.२ ग्लोबल हेक्टर धरतात, आणि देशाची जमीन त्याला जेमतेम ०.४ पुरवते. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेच्या हद्दीत १४,८६,०५३ माणसे होती. गुणाकार केला की पावणेअठरा लाखांच्या वर ग्लोबल हेक्टर येतात. महापालिकेची हद्द सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे २६ हजार हेक्टर. ठसा तिच्या ६८ पटींच्या घरात जातो. आपला सबंध जिल्हा, सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत, साडेपंधरा लाख हेक्टरांचा. साधा हेक्टर आणि ग्लोबल हेक्टर एकच नव्हेत हे खरे, पण अंदाजापुरते बोलायचे तर एका शहराच्या पावलाखाली सगळा जिल्हा झाकला जातो आणि बोटे धुळे जिल्ह्यात उतरतात. हा आकडा सभेत चुकून कोणी उच्चारलाच, तर आपण ताबडतोब लंडनचे नाव घ्यावे. २००२ साली झालेल्या अभ्यासात त्या शहराचा ठसा त्याच्या क्षेत्रफळाच्या २९३ पट निघाला होता. लंडनच्या मानाने आपण संतच आहोत, असे ठरल्यावर चहा मागवायला हरकत नाही.

खरे कौशल्य मात्र हद्द आखण्यात आहे, आणि ज्या भूमीत लक्ष्मणाने रेघ ओढली तिथल्या माणसाला ते जमू नये हे पटत नाही. कारखान्यांचा विषय निघाला की हद्द महापालिकेची धरावी, म्हणजे सिन्नरची औद्योगिक वसाहत आपोआप बाहेर जाते. सातपूर आणि अंबड आत राहतात, त्यांच्याकडे पाहताना रोजगार हा शब्द वापरावा. दरडोई आकडा काढायची वेळ आली की हद्द लगेच जिल्ह्याची करावी. पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवरची माणसे नागली खातात, पायी चालतात, आणि त्यांच्या नावावर कार्बन जवळजवळ नसतो. त्यांना आपल्या सरासरीत प्रेमाने सामावून घ्यावे; एरवी कोणत्याच योजनेत त्यांची आपल्याला एवढी आठवण होत नाही. सरासरीची किमयाच अशी की गंगापूर रोडवरचा चार वातानुकूलन यंत्रांचा बंगला आणि फुलेनगरातली पत्र्याची खोली दोघांच्या पायात एकाच मापाची चप्पल बसते. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचेही असेच: धुराचा मुद्दा आला की वीज साऱ्या राज्याची, आणि भारनियमनाचा मुद्दा आला की केंद्र आपले.

उपभोगाचा ठसा काढण्याचे सूत्र सोपे आहे: उत्पादन, अधिक आयात, वजा निर्यात. यातील वजाबाकी मन लावून करावी. निफाड-दिंडोरीची द्राक्षे पेट्यांत बसून नेदरलँड्सला गेली की त्यांचा ठसा नियमाने डच माणसाच्या खात्यावर पडतो, लासलगावचा कांदा परदेशी गेला की त्याचाही तसाच, आणि हे करताना आपण काडीचीही लबाडी केलेली नसते. अडचण आयातीची आहे. मिसळीच्या तर्रीतले पामतेल इंडोनेशियाची किंवा मलेशियाची जमीन घेऊन ताटात येते, आणि ती मिसळ चुलीवरची हवी म्हणून रविवारी सकाळी पंधरा किलोमीटर गाडी हाकत मळ्यात जाणाऱ्यांचे पेट्रोल तर आखातापासून निघालेले असते. ही बेरीज होऊ लागली तर समितीच्या बैठका मळ्यातच घ्याव्यात, म्हणजे सदस्यांची जीभ दुसऱ्या कामात गुंतेल.

सुदैवाने शहरात काय येते हे आता कोणालाच ठाऊक नसते. जकात होती तोवर नाक्यावरचा कारकून प्रत्येक मालमोटार थांबवून सिमेंटच्या गोण्या किती, तेलाचे डबे किती, हे वहीत उतरवून घेत असे. २०१३ साली जकात गेली आणि तिच्याबरोबर गावाच्या पोटाचा तो हिशेबही गेला. पुढे स्थानिक संस्था कर आला, मग वस्तू व सेवा कर. आता स्थानिक आकडे नाहीत म्हणून राष्ट्रीय सरासरीला घरखर्चाच्या पाहणीची ठिगळे लावून शहराचा ठसा काढतात. याबद्दल सभेत तीव्र खंत व्यक्त करावी. नाक्यांवर मालाची नुसती नोंद तरी पुन्हा सुरू करा, असे मात्र चुकूनही सुचवू नये.

सिंहस्थ हा तर मोजणीतला महायोग. बारा वर्षांनी येणारी ही पर्वणी आपण फक्त भाजकात वापरावी: लाखो भाविक लोकसंख्येत मिळवावेत, त्यांचा शिधा, त्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्यासाठी ओतलेले काँक्रीट अंशात धरू नये, म्हणजे दरडोई ठसा सोवळ्याचा निघतो. हे पटत नसेल तर उलट करावे. सगळा खर्च जमेस धरून २०२७ हे आधारवर्ष ठरवावे. मग काहीही न करता २०२८ मध्ये मोठी घट दिसते आणि धोरण यशस्वी झाल्याचा फलक लावता येतो. साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस जे रान उठले, त्याचीही चिंता नको. हद्द आखून झाल्यावर तपोवन त्या वर्षापुरते बाहेर ठेवता येईल.

या मापाची सर्वांत सोयीची बाजू अशी की त्यात पाणी थेट धरलेलेच नाही. गंगापूर धरणातून किती उपसले, द्राक्षबागेने किती प्यायले, जायकवाडीला किती सोडायचे यावरून वकिलांनी किती वर्षे काढली, यांपैकी काहीच ठशात उमटत नाही. प्लास्टिकचे विष नाही, कीटकनाशक नाही, गोदावरीवरचा फेस नाही, पानवेली नाही. हे माप काढणाऱ्यांनी ही मर्यादा स्वतःच प्रामाणिकपणे सांगून ठेवली आहे आणि पाण्याचा ठसा वेगळा मोजण्याची रीतही उपलब्ध आहे. पण आपल्या समितीच्या कार्यकक्षेत एकच ठसा लिहिलेला असावा, एवढी काळजी आरंभीच घ्यावी.

अहवाल प्रसिद्ध करण्याचा मुहूर्तही साधावा. पृथ्वी वर्षभरात जेवढे नव्याने देऊ शकते तेवढे माणसाने संपवले, असा हिशेबी दिवस दर वर्षी जाहीर होतो. २०२५ मध्ये तो २४ जुलैला पडला, आणि त्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणजे आपली गटारी होती. वर्षाचा कोटा संपल्याची वार्ता इतक्या भक्तिभावाने दुसऱ्या कोणत्या गावाने साजरी केली असेल, असे वाटत नाही.

हे सारे मी आधी घरी करून पाहिले आहे. एका गणकयंत्रात वीजबिल, गॅस, गाडी, विमानप्रवास असे सगळे खरे खरे भरले आणि ‘घरात माणसे किती’ या चौकटीत दोन लिहिले, तेव्हा उत्तर पाहून सौभाग्यवतींनी नवे वातानुकूलन यंत्र रद्द करायचे का, असे विचारले. मी दोनच्या जागी पाच लिहिले. निफाडला राहणारे आई-वडील कुटुंबातलेच आहेत, आणि बंगळूरला असलेला मुलगा दिवाळीला येतोच. यंत्र गुढीपाडव्याला बसले.