आईची वर्गणी

आज सकाळी आईची लायब्ररीची वर्गणी भरायला गेलो होतो. लायब्ररीचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि काउंटरवरचा माणूस काय वाईट नाही, तेव्हा कुणी टॅग-बिग करू नका. त्यानं कार्ड उघडलं, शेवटच्या तारखेचा जांभळा शिक्का बघितला, दीड वर्षापूर्वीचा, आणि अगदी सहज म्हणाला, "दादा, काकू आता वाचत नाहीत न्हवं? मग कशाला भरताय, बंद करूया की. डिपॉझिट परत घेऊन जावा."

डिपॉझिट परत घेऊन जावा!

मी वर्गणी भरली, पावती खिशात घातली आणि घरी जायच्या ऐवजी रंकाळ्यावर जाऊन बसलो. तिथनंच हे टाइप करतोय, शुद्धलेखन काढत बसू नका.

आई प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. रिटायर झाल्यावर आठवड्याला दोन पुस्तकं, हा तिचा रतीब. आता डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, मॅक्युला म्हणतात तो भाग. कडेचं दिसतं, मधलं पुसून जातं. म्हणजे ती चालते, भाजी निवडते, दारात कोण आलंय ते सांगते, पण ओळीवर नजर लावली की नेमका जो शब्द बघायचा तोच गायब. "कडंकडंनं किती वाचू रे," म्हणाली एकदा. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

मग मे महिन्यात भाची आली अमेरिकेतनं. तिच्या टॅबवर तिच्या गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड घातलेलं. तिकडं लिबी म्हणून ॲप आहे, ओव्हरड्राइव्ह कंपनीचं. त्यात लायब्ररी कार्डाचा नंबर टाकायचा की ई-बुक, ऑडिओबुक घरबसल्या मिळतं. पैसे नाहीत, उशिराचा दंड नाही, मुदत संपली की पुस्तक आपलं आपण परत जातं. तिनं एक इंग्रजी रहस्यकथा लावली होती. आई शेजारी मेथी निवडत बसलेली. अर्ध्या तासानं आई म्हणाली, "थांबव जरा, तो डॉक्टर कुठं गेला म्हणाली ती बाई?"

म्हणजे ऐकत होती! इंग्रजी तिला पुरतं कळत नाही, पण आवाजावरनं माणसं ओळखत होती. मग रोज रात्री जेवण झाल्यावर कार्यक्रम. दहा मिनिटं ऐकायचं, थांबवायचं, भाची मराठीत सांगणार, आई मधेच "नवऱ्यानंच मारलंय" म्हणणार. दीड वर्षात मी तिला असं भांडताना बघितलं नव्हतं, तेसुद्धा पुस्तकातल्या माणसांशी.

आणि दोन प्रकरणं उरली असताना पुस्तक गेलं. रात्री टॅब उघडला तर नाहीच. २१ दिवस संपले, मागं लोक थांबलेले म्हणून मुदत वाढवून मिळेना. भाचीनं परत नंबर लावला तर पुढं ४१ जण.

आई म्हणाली, "परत दिलं? कुणी? आणि फाइलला कसली रांग?"

बरोबर आहे की प्रश्न. मलाही तेव्हा डोकं फिरल्यासारखं झालं. फाइल म्हणजे काय पुस्तकाची प्रत आहे का फाटायला? पण भानगड अशी आहे की ती लायब्ररी फाइलची मालक नसतेच. ती लायसन घेते, आणि बऱ्याच पुस्तकांना एका लायसनवर एका वेळी एकच वाचक. वर ते लायसनही संपतं, कुठं दोन वर्षांनी, कुठं ठराविक वेळा देऊन झाल्यावर. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकानं २०११ मध्ये नियम काढला, एक ई-बुक २६ वेळा दिलं की लायसन खलास, परत विकत घ्या. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकानं २०१९ मध्ये आणखी कहर केला, नवीन ई-बुक पहिले आठ आठवडे अख्ख्या लायब्ररीला एकच प्रत. लोक बोंबलले, २०२० च्या मार्चमध्ये गुमान मागं घेतला. आमच्या लायब्ररीत शंभरदा दिलेली, खळ लावून शिवलेली पुस्तकं अजून फिरतायत, त्यांना कुणी म्हणालं का २६ झाले, आता फेका?

हां, लेखकानं खायचं काय, हे मान्य. प्रकाशकानं पण. पुढं.

तर आज काउंटरवर मी त्या माणसाला विचारलं, आपल्याकडं ऐकायची पुस्तकं कधी येणार? तो हसला. "यूट्यूबवर असतंय की दादा सगळं." असतंय ना! कुणीतरी अख्खी कादंबरी वाचून टाकलेली असते, लेखकाला पत्ता नाही आणि मधे मधे जाहिराती. एका सार्वजनिक ग्रंथालयातला माणूस मला चोरीच्या मालाचा पत्ता देतोय आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. त्याचा पगार किती असेल ते मला ठाऊक आहे, अनुदान कधी येतं तेही, म्हणून गप्प बसलो. पण राग यायचा तो आला.

आता कमेंटमध्ये कोण काय लिहिणार ते आधीच सांगतो. स्टोरीटेल घे, ते ऐकायच्या पुस्तकांचं ॲप. अरे घेतलंय, चांगलं आहे, २०१७ पासून मराठीत त्यांनी जेवढं केलं तेवढं कुणी केलं नाही. पण मी महिन्याचे पैसे भरू शकतो हा मुद्दाच नाही. आईबरोबर लायब्ररीत येणाऱ्या दोघी-तिघी होत्या, त्यातली एक गजरे विकायची, वर्गणी कधी हप्त्यानं द्यायची. तिला कुठलं ॲप सांगू?

दुसरं, सुगम्य पुस्तकालय, ती ऑनलाइन लायब्ररी. आहे, २०१६ पासून आहे, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे, आणि चांगलं काम आहे. मी आईला म्हटलं नाव नोंदवूया, डोळ्याचं सर्टिफिकेट काढू. ती म्हणाली, "मला दिसतंय अजून. मी ऐकतो, पण आपल्या लायब्ररीतलं ऐकतो." (पुण्याच्या मित्रांनो, आमच्याकडं आई 'ऐकतो'च म्हणते, हसू नका.) हट्ट आहे तिचा, कबूल. पण मला तो कळतो. तिला सर्टिफिकेट लावून सवलत नको, मेंबर म्हणून पुस्तक पाहिजे.

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं जास्त लागतं हो. इथली करवीर नगर वाचन मंदिर ही लायब्ररी १८५० सालची. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये आपल्या संस्थानानं केला, महाराष्ट्राचा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ ला. त्यात अ, ब, क, ड वर्ग, वर्गाप्रमाणं अनुदान, पुस्तकं किती, वाचक किती सगळं मोजतात. मग जिल्ह्याच्या सगळ्या लायब्ऱ्यांनी मिळून पाचपन्नास मराठी ऑडिओ पुस्तकांचं लायसन रीतसर पैसे देऊन घेतलं तर काय आभाळ कोसळेल? रांग लावा, २१ दिवस लावा, चालेल आम्हाला! रांगेचं आईला काही नाही. दिवाळी अंकासाठी ती नोव्हेंबरात नाव लिहून जानेवारीपर्यंत थांबलेली बाई आहे.

प्रकाशक घाबरतात हे खरं. फाइल दिली की उद्या ग्रुपवर फिरणार. आणि फिरवणारे कोण? आपणच. मागच्या महिन्यात मलाच एका मित्रानं ३०० पुस्तकांची पीडीएफ लिंक पाठवली, वाचनसंस्कृती वाढवा म्हणून. मी त्याला अंगठा दाखवला. म्हणजे, ते लाइकचं चिन्ह. आत्ता लिहिताना लाज वाटतेय.

असो. ऊन चढलं, उठतो.

त्या काउंटरवाल्याबद्दल जरा जास्तच लिहिलं मी. निघताना त्यानं कार्डावर नवीन वर्षाचा शिक्का मारला आणि म्हणाला, काकूंना सांगा दिवाळी अंक बाजूला ठेवतो, तुम्ही वाचून दाखवा. मी हो म्हटलं. गेल्या दिवाळीतही हो म्हटलं होतं, तीन पानं वाचली होती.

हे लिहिता लिहिता भाचीचा मेसेज आला, "मामा, आपला नंबर लागला!" आज रात्री, तिकडची सकाळ, ती व्हॉट्सॲप कॉल लावून टॅब फोनजवळ धरणार आहे. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "येताना गवारी आण. आणि साडेसातला जेवायचं आज, नवऱ्यानंच मारलंय ते बघायचंय."