बुद्धी रक्तात शोधणाऱ्यांसाठी

आज एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अभियंता गृहस्थांनी जिलबी वाढून घेता घेता सांगून टाकले की, दोन हजार वर्षे आपापसांतच लग्ने झाल्यामुळे नैसर्गिक निवडीने आपल्या समाजात बुद्धी साठत गेली आणि आता जनुकशास्त्रानेही ते सिद्ध केले आहे. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मंगलकार्यात वाद नको म्हणून मी गप्प बसले, म्हणून हे इथे लिहिते आहे.

जातीतल्या जातीत लग्ने सुमारे सत्तर पिढ्यांपासून होत आली, असा अंदाज जनुकांच्या अभ्यासातून निघतो, एवढे मान्य. परंतु बंदिस्त विवाह म्हणजे निवड नव्हे. निवड व्हायची तर हुशारांची मुले अधिक संख्येने जगायला हवीत आणि इतरांची कमी. पौरोहित्य करणाऱ्या किंवा दप्तर सांभाळणाऱ्या घरांत पिढ्यानपिढ्या असे घडत होते, हे कोणी दाखवले आहे? अशा विवाहांमुळे खात्रीने वाढतो तो काही आनुवंशिक आजारांचा धोका, आणि त्याचा अभिमान पंगतीत कोणी मिरवत नाही.

ते बोलत असताना मला चौथीच्या वर्गातला एक मुलगा सारखा आठवत होता. त्याचे वडील आठवडी बाजारात मिरच्या विकत, आणि पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असलेला हा मुलगा गिऱ्हाईकाने पिशवी उघडण्याआधीच हिशेब सांगून मोकळा होई. शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी मुले निवडताना गुरुजींनी वह्या पाहिल्या नाहीत, हजेरीतली आडनावे पाहिली. माझे नाव आले, त्याचे आले नाही. मी ती परीक्षा उत्तीर्ण झाले, त्याने ती दिलीच नाही, आणि आता म्हणे माझ्यात जनुके होती!

१९२० च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत आपले मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेत त्याचे बौद्धिक श्रेष्ठत्व दिसते, असे निघावे ही अपेक्षा होती. बाईंना मात्र वंशाचा आणि त्या असमानतेचा संबंध आढळला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. पुढे त्यांनी स्वतःही महाराष्ट्रात जातीजातींची शारीरिक मोजमापे घेतली, हेही खरे. तरी मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष त्याच्याच संस्थेत मांडायला जे धैर्य लागले, त्याचा अंशही आज माझ्याजवळ नव्हता.

व्यक्तीव्यक्तींमधल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे मलाही नाकारता येत नाही. असो. पण जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्येच सांगितले होते की, एकाच पोत्यातले बियाणे अर्धे कसदार आणि अर्धे निकस मातीत पेरले, तर प्रत्येक वाफ्यातल्या रोपांमधला फरक पूर्णपणे बियाण्यामुळे असू शकेल, आणि तरीही दोन वाफ्यांमधला फरक केवळ मातीचा असेल. तो मिरचीवाल्याचा मुलगा कोणत्या वाफ्यात होता, हे त्या गृहस्थांना सांगायला हवे होते. त्यांचे ‘सिद्ध झालेले’ जनुकशास्त्रही काय म्हणते? २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या सुमारे अकरा लाख लोकांच्या अभ्यासातून माणूस किती वर्षे शिकतो याच्याशी जोडलेले हजाराहून अधिक जनुकीय फरक सापडले, आणि त्या माहितीवरून शिक्षणाच्या वर्षांमधल्या तफावतीपैकी साधारण ११ ते १३ टक्केच उलगडली. इतर वंशांच्या लोकांना तेच गणित लावले की ते आणखी लंगडे पडते.

आणि त्यांच्या घरातल्या पणज्यांचे काय? माझ्या पणजीला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्यांच्याही पणजीची गत फारशी निराळी नसणार. तेच रक्त, तीच जात, त्याच सत्तर पिढ्या. शाळेचे दार उघडल्यावर त्या बायकांच्या नाती आणि पणत्या डॉक्टर, प्राध्यापक झाल्या, आणि एवढ्या दोन-तीन पिढ्यांत कोणती नैसर्गिक निवड आटोपली, हे मला त्या अभियंत्यांनी जिलबी संपवून सावकाश समजावून सांगावे.