सिंगापुरात आजी उकडण्याची सोपी कृती

मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब सिंगापूरला निघालात? छान. सहा तिकिटं, दोन खोल्या, एक आजी. परवाच भर दुपारी एक वाजता मर्लायनसमोर, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेल्या त्या पुतळ्यासमोर, असं एक मराठी कुटुंब दिसलं. आजी पायऱ्यांवर उन्हात, मांडीवर चार पर्सा, आणि बाकीची मंडळी त्या सिंहाच्या तोंडातलं पाणी आपल्या तोंडात पडतंय असा फोटो जमेपर्यंत काढतायत. त्यांच्याकडून शिकलेलं इथे देतो.

सकाळ अजिबात वापरू नका. सूर्य इथे सातच्या सुमारास उगवतो, दहापर्यंत त्यातल्या त्यात सुसह्य असतं, बोटॅनिक गार्डन तर पहाटे पाचपासून उघडी आणि फुकट. पण नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलाय ना! तो साडेनऊपर्यंत वसूल करा, मग अंघोळी, मग कुणाचा तरी चार्जर हरवेल, अकराला खाली उतरा. सिंगापूरचं घड्याळ १९८२ पासून सूर्याच्या तासभर पुढे चालतं. घड्याळात एक वाजतो तेव्हा इथे डोक्यावर सूर्य असतो. म्हणजे ‘चारला ऊन उतरतं’ हा घरचा हिशोब इथे आणखी पुढे जातो. अकराला निघालात की भट्टी अगदी वेळेवर तापलेली मिळते.

गार्डन्स बाय द बे या बागेच्या दोन्ही काचघुमटांत एसी आहे, दुपार तिथे आरामात निघते. म्हणून ते नेमके संध्याकाळी बघा आणि बाहेरची उंच कृत्रिम झाडं दुपारी. त्या झाडांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, तोवर आजी गळून गेलेल्या असतील, तेवढीच कटकट नाही.

सगळ्यांनी जीन्स घाला.

आजींना सिंथेटिक साडी. सुती चुरगळते.

घामाने निथळणाऱ्या पोराला तसंच मॉलच्या गारठ्यात न्या. पिशवीत कोरडा शर्ट ठेवायचा म्हणजे उगाच ओझं.

आता पाणी. इथल्या नळाचं पाणी थेट पिता येतं, हॉटेलातून चार बाटल्या भरून निघता येतं. ते करू नका. दुकानात जा, किंमत बघा, रुपयांत गुणाकार करा, बाटली परत ठेवा. मेट्रोत पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही, दंड पाचशे डॉलरपर्यंत; तेव्हा फाटकातून आत शिरण्याआधी आजींना पाणी पाजायचं असतं, हे आत गेल्यावरच आठवू दे. इलेक्ट्रल आणलंच असेल तर एक लिटरचं मोठं पाकीट एका पेल्यात ओता. इतकं खारट झाल्यावर त्या दुसऱ्यांदा मागणार नाहीत.

त्या मुळात मागतच नाहीत म्हणा. ‘आमच्या आजीला तहान लागत नाही हो!’ वयानुसार तहान कमीच जाणवते, गरज कमी होत नाही. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. आणि खरं कारण वेगळंच. पाणी प्यायलं की जावं लागणार, जावं लागलं की कुणाला तरी जागा शोधायला लावणार, मग सून म्हणणार ‘आत्ताच तर जाऊन आलात’, आणि गुडघे आधीच बोलतायत. त्यापेक्षा नको. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे, पण तुम्ही सरकत्या जिन्याकडे पळता, कारण लिफ्ट शोधायला दोन मिनिटं लागतात! मुंबईचे आहोत, उकाड्याचं काय एवढं, असं वर ऐकवता. डोंबिवलीत मे महिन्यात बारा ते चार त्यांना साधं कोथिंबीर आणायला पाठवता का? मग इथे विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्या आत, दमट हवेत घाम वाळत नसताना, भर दुपारी का चालवता? पॅकेजचे पैसे भरलेत म्हणून?

मर्लायन कुठे जात नाही हो. १९७२ पासून आहे, २००२ साली एकदा हलला तोही सव्वाशे मीटरसुद्धा नाही. तिकीट नाही, रात्री अकरालाही भेटतो. सकाळी साडेसातला निघा, साडेदहाला खोलीवर या. जेवण, झोप. पाचला पुन्हा बाहेर, छत्री घेऊन, कारण दुपारनंतर पाऊस धडकतो. डॉक्टरांनी पाण्याचं माप बांधून दिलं असेल तर किती चालेल ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. नसेल तर आजींनी मागायची वाट न बघता अर्ध्या अर्ध्या तासाने थोडं थोडं द्या. चक्कर, मळमळ, डोकेदुखी दिसली की तिथेच थांबा, सावलीत किंवा एसीत न्या, मान आणि काखा ओल्या रुमालाने पुसा. बोलणं विसंगत झालं तर रुग्णवाहिकेसाठी ९९५ लावा, टूरवाल्याला नव्हे.

आणि त्या पर्सा आधी त्यांच्या मांडीवरून उचला.