लाडक्या बहिणीचे १५०० आणि माझे ८० हजार

ऑफिसच्या ग्रुपवर लाडकी बहीण योजनेवरून, म्हणजे सरकार महिलांना महिन्याला देतं त्या १५०० वरून, परत तोच मेसेज, टॅक्स आम्ही भरायचा आणि सरकारने फुकट वाटायचा. बरं, २०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला तेव्हा यातला एक तरी म्हणाला का की ही रेवडी आहे? माझे वर्षाचे ८० हजाराच्या आसपास वाचले. बायको म्हणाली फ्रिज बदलू, मी म्हटलं चालतोय की अजून. म्युच्युअल फंडातली एसआयपी थोडी वाढवली, बाकीचे होम लोनमध्ये भरले. बाजारात त्यातला रुपयाही गेला नाही.

बार्शीला दादाचं, म्हणजे मामेभावाचं, किराणा दुकान आहे, मागे दोन दिवस त्याच्या गल्ल्यावर बसलो होतो, नेमका तेव्हाच लाडक्या बहिणीचा हप्ता पडला. दुपारपासून बायकांची रांग. एकीने आधी वहीतली उधारी मिटवली, मग किलोभर तेल, साखर, पोरीला दोन वह्या, आणि उरलेले दीडशे पदराला बांधून गेली. मला वाटलं उधारी फेडली म्हणजे खर्च कुठे झाला, तर दादाने संध्याकाळी त्याच पैशातून एजन्सीवाल्याचं थकलेलं बिल दिलं आणि नवीन माल उतरवून घेतला.

अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ ला हेच तर मांडलं. जादा मिळालेल्या १०० मधले माणूस ८० खर्च करतो, ते दुसऱ्याची कमाई, तो त्यातले ६४ करतो, असं करत करत पुस्तकात १०० चे ५०० होतात. माझ्यासारख्याने सगळे बाजूला टाकले की साखळी तिथेच तुटली. आणि आपल्या जीडीपीत साठेक टक्के वाटा लोकांच्या अशाच घरखर्चाचा आहे राव!

प्रत्यक्षात पाच पट वगैरे होत नाही हे मान्य. खायचं तेल देशाला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, म्हणजे तेवढी कमाई गेलीच. शिवाय योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा आकडा सांगितला होता, ते कंत्राटदारांची बिलं अडवून उभे केले तर तिकडच्या मजुराची खरेदी बुडणार. यावर भांडा ना, मी पण भांडेन. पण फुकट वाटले आणि वाया गेले हे म्हणू नका.

दादा तेलाचे डबे मागवायच्या आधी चौकशी करतो, हप्ता कधी पडणार. माझा पगार कधी होतो हे त्याने आजवर विचारलं नाहीये.