पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान शिकवायचं तर आधी पूर्वपक्ष शिकवा

बीएच्या पहिल्या वर्षाचा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम उघडला की नावांची रांग दिसते. पाश्चात्त्य बाजूला थेल्सपासून सार्त्रपर्यंत, भारतीय बाजूला चार्वाकापासून शंकराचार्यांपर्यंत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपर दोन क्रेडिटचा असेल तर हाती असतात ३० तास. त्यातले काही तास फेस्टिव्हल, काही निवडणुकीची ड्युटी आणि काही अंतर्गत परीक्षा खाऊन टाकतात. मग एका तासात प्लेटो उरकायचा, दुसऱ्या तासात अ‍ॅरिस्टॉटल. मुलं वहीत लिहून घेतात, ‘देकार्त : बुद्धिवादी. ह्यूम : अनुभववादी.’ सत्राच्या शेवटी कोणाच्या नावापुढे कोणता वाद लिहायचा हे त्यांना पाठ असतं. पण देकार्तला सगळ्यावरच संशय घ्यावासा का वाटला, आणि त्या संशयातून तो बाहेर पडला तो रस्ता धड आहे का, हे विचारलं की वर्ग गप्प होतो.

मी पदवीच्या मुलांना हा विषय शिकवते आणि मला मनापासून वाटतं की पहिल्या वर्षाला एकच गोष्ट नीट आली पाहिजे. समोरच्याचं म्हणणं, आपल्याला ते अजिबात पटत नसलं तरी, त्याने स्वतः मान डोलवावी इतकं चांगलं मांडता आलं पाहिजे. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची ही जुनी शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग त्याचं खंडन आणि मग स्वतःचा सिद्धांत. न्यायसूत्रांत तर चर्चेचे तीन प्रकार वेगळे काढून ठेवले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद. कसंही करून जिंकायचं म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडायचं, ती वितंडा. अठरा वर्षांच्या मुलांनी टीव्हीवर आणि मोबाइलवर दुसरा आणि तिसरा प्रकार भरपूर पाहिलेला असतो. पहिला प्रकार पाहायला मिळण्याची जागा म्हणजे आमचा वर्ग. तिथेही तो दिसला नाही तर ती पोरं तो कुठे पाहणार?

माझ्या वर्गात हे कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगरचा दुष्काळ आणि समृद्धीवरचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तुम्ही तळ्याकाठून चालला आहात, एक लहान मूल बुडतंय, पाणी उथळ आहे. आत शिरलात तर फक्त कपडे चिखलाने खराब होतील. मूल वाचवायचं की नाही? सगळा वर्ग म्हणतो, वाचवायचं. मग सिंगर विचारतो, दूर कुठे तरी मूल भुकेने मरतंय आणि तुमच्या थोड्या पैशांनी ते वाचणार असेल, तर तिथे तुमची जबाबदारी कमी कशी होते?

निबंधाची पार्श्वभूमी मुलांना मुद्दाम सांगते, कारण ती आपल्या घरातली आहे. सिंगर लिहीत होता तो १९७१ च्या पूर्व बंगालबद्दल, म्हणजे आजच्या बांगलादेशाबद्दल. तो ज्या किमान ९० लाख निर्वासितांचा उल्लेख करतो, ते लोक सीमा ओलांडून भारतात आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या सरकारने बहुतेक टपालावर निर्वासित साहाय्याचं पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं. जुनी पत्रं जपणाऱ्या घरांत ती तिकिटं आजही सापडतात. यातून वर्गात चांगला प्रश्न उभा राहतो. पाच पैसे सक्तीने घेतले, मग ते दान का कर? सिंगरचा मुद्दा तर नेमका हाच आहे की ज्याला आपण दान म्हणून कौतुक करतो ते मुळात कर्तव्य आहे.

इथे मुलं उसळतात. ‘मॅडम, आधी पोटोबा मग विठोबा.’ ‘पैसे त्या मुलापर्यंत पोचतात कशावरून?’ ‘तळ्यावर मी एकटाच आहे, तिथे कोट्यवधी लोक आहेत, सगळं मीच का करायचं?’ आक्षेप उत्तम आहेत, पण ते मी लगेच घेत नाही. आधी सिंगरची बाजू मांड, मग बोल, एवढा एकच नियम. पहिल्या खेपेला मांडणी हमखास अशी होते : ‘सिंगर म्हणतो सगळे पैसे वाटून टाका.’ शेजारची मुलगी म्हणते, असं नाही म्हणाला तो. मग मजकूर पुन्हा वाचायचा. तितक्याच नैतिक महत्त्वाचं दुसरं काही गमवावं न लागता जर वाईट टाळता येत असेल तर ते टाळायला हवं, असं तो म्हणतो. या एका अटीभोवती अख्खा तास जातो. घरभाडं तितक्याच महत्त्वाचं आहे का? बहिणीचं शिक्षण? नवा फोन? आणि ‘बाकीचेही आहेत’ या आक्षेपाला निबंधातच उत्तर आहे, हे तेव्हा कुठे दिसतं : तळ्याकाठी आणखी दहा जण नुसते बघत उभे असतील, तर तुम्ही पाण्यात न शिरायला मोकळे होता का? इथवर आल्यावर ज्याला सिंगर पटत नाही त्याचा आक्षेपसुद्धा वेगळा होतो, नेमका होतो.

पूर्वपक्षाचा आणखी एक उपयोग आहे आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या वर्गात जात, धर्म, गाव, पक्ष सगळं बाकांवर बसलेलं असतं. देव आणि परलोक न मानणारा चार्वाक शिकवायला घेतला की काही चेहरे आक्रसतात, ईश्वर घेतला की दुसरे. अशा वेळी माळकरी घरातल्या मुलाला मी चार्वाकाची बाजू मांडायला सांगते : धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नियम, आपण आजवर पाहिलेल्या ठिकाणांपुरतीच ना, मग न पाहिलेल्या ठिकाणी ती लागू होते हे कशाच्या जोरावर म्हणता? आणि देव न मानणाऱ्या मुलीला ईश्वर सिद्ध करू पाहणाऱ्या नैयायिक उदयनाचार्यांची बाजू : घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार असतो, जग हेही कार्य आहे, मग त्याला कर्ता नको का? दोघांनाही ते मत स्वीकारायचं नसतं, फक्त प्रामाणिकपणे मांडायचं असतं. त्यामुळे कोणाच्या श्रद्धेला हात लागत नाही आणि विचार मात्र पूर्ण होतो. वेद प्रमाण मानणारे मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, हे कळतं तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं सारखीच चकित होतात.

इथे एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. भारतीय ज्ञानपरंपरा नावाचा पेपर आता सगळीकडे आला आहे आणि ‘हे आपल्याकडे आधीच होतं’ म्हणून तास संपवायचा मोह मोठा असतो. अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने १९६३ साली तीन पानांत दाखवलं की एखादी समजूत खरी असली, तिला कारणही असलं, तरी ते ज्ञान असेलच असं नाही. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाकडे तशी उदाहरणं आहेत. कोणी मांस भाजायला नुकताच अग्नी पेटवला आहे, धूर अजून झालेला नाही, पण वर माश्यांचा थवा जमला आहे. दुरून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी खरंच आहे. मग त्याला ते माहीत होतं का? अभिमान वाटायचा तो वाटू द्या, मलाही वाटतो. पण तास या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. मुलांनी धर्मोत्तराशी भांडलं पाहिजे, तोच त्याचा मान.

माझ्या या आग्रहावर सहकाऱ्यांचा आक्षेप असतो, आणि तो मजबूत आहे. ते म्हणतात, इतिहासाशिवाय युक्तिवाद अधांतरी राहतो. कांट वाचायचा तर ह्यूमने काय अडचण करून ठेवली ते माहीत हवं. ही मुलं उद्या सेट-नेट देतील, कोणी यूपीएससीला हाच विषय घेईल, तिथे सगळी नावं लागतील. शिवाय शंभराच्या वर मुलांच्या वर्गात प्रत्येकाकडून पूर्वपक्ष कसा मांडून घेणार? शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. मोठ्या वर्गात हे अर्धंच जमतं, गट पाडावे लागतात, आणि त्यावर खरा उपाय प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरणं हाच आहे. पण पहिले दोन पटत नाहीत. इतिहास पुस्तकात वाचता येतो. मराठीत तर त्याची सोयही चांगली आहे, दे. द. वाडेकरांच्या संपादनाखालचा तत्त्वज्ञान महाकोश १९७४ पासून ग्रंथालयांत आहे. युक्तिवाद मात्र समोरासमोर बसूनच शिकावा लागतो. आणि ज्याला एक युक्तिवाद उलगडता येतो त्याला दहा नावं पाठ करणं जड जात नाही. उलट मात्र होत नाही, हे आपण सगळे एमएच्या वर्गात बघतो.

खरी गाठ आहे ती प्रश्नपत्रिकेत. ‘मॅडम, पण परीक्षेत काय लिहायचं?’ हा प्रश्न मुलं विचारतात त्यात त्यांची काही चूक नाही. ‘चिकित्सक परीक्षण करा’ असा प्रश्न वर्षानुवर्षं येतो आणि उत्तर गाईडमध्ये तयार असतं : आधी मत, मग गुण, मग दोष, क्रमांक घालून. सिंगरचे दोष चार, मिलचे दोष पाच. हे दोष कोणाला सुचले, का सुचले, मिल त्यावर काय म्हणाला असता, याचा पत्ता नाही. घरी लिहायला दिलेले निबंध तर आता बरेचदा यंत्राकडून लिहून येतात, त्यामुळे त्यांवरून मुलाला काय कळलं हे समजत नाही.

म्हणून अभ्यास मंडळांवर असलेल्या आणि पेपर काढणाऱ्या मित्र-मैत्रिणींना विनंती आहे. सगळा अभ्यासक्रम बदलायची वाट पाहू नका. प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न असा घाला : मुलांनी आधी न पाहिलेला दहा-बारा ओळींचा मराठी उतारा, आणि खाली विचारा की लेखक काय सिद्ध करू पाहतो, कोणत्या कारणांनी, त्यावर तुमचा सगळ्यात जोरदार आक्षेप कोणता आणि लेखक त्याला काय उत्तर देईल. अंतर्गत गुणांपैकी निम्मे तोंडी पूर्वपक्षाला द्या. कोणाच्या विद्यापीठात असं आधीच चालू असेल, तर कमेंटमध्ये तो प्रश्न जसाच्या तसा टाका. पुढच्या सत्रासाठी मला असे उतारे हवेच आहेत.