वाढदिवसाला एवढी माणसं

वर्षाचे दिवस ३६५. मोठ्या थीम पार्कात दिवसाला वीस हजार माणसं येतात असं धरू. भागाकार केला की त्यातल्या चोपन्न-पंचावन्न जणांचा त्याच दिवशी वाढदिवस निघतो, तोही निव्वळ योगायोगाने. मुद्दाम वाढदिवस गाठून येणारे वेगळे. आम्ही त्या वेगळ्यांतले, कन्येचा चौथा वाढदिवस तिथे साजरा करायला निघालेले. हे त्रैराशिक मी मोठ्या हौसेने बायकोला ऐकवलं, तेव्हा तिने बॅग भरता भरता एवढंच विचारलं, "मग एवढ्या गर्दीत आपल्या पोरीच्या वाढदिवसाचं वेगळं काय करणार आहेस?"

प्रश्न रास्त होता. घरचा वाढदिवस सोपा असतो, कारण घर रोजचंच असतं. भिंतीला चार फुगे लावले, दिवा मालवला, की तीच खोली पोरांना वेगळी वाटायला लागते. थीम पार्कात फुगे रोजचे, बँड रोजचा, मिरवणूक रोजची आणि रात्री किल्ल्यावर उडणारी आतषबाजीही रोजचीच. तिथे आपण आणखी काय लावणार? किल्ल्याला झिरमिळ्या?

"आणि तिला यातलं काही आठवणारसुद्धा नाही," हा बायकोचा दुसरा मुद्दा. याला मात्र माझ्याकडे उत्तर होतं. मोठ्या माणसांना त्यांची सगळ्यात जुनी आठवण विचारली की ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचं जवळपास सगळं पुसलेलं असतं. म्हणजे चौथा वाढदिवस आठवणीच्या हद्दीत येतो, काठावर का होईना. आता आपण किल्ला दाखवावा आणि पोरीच्या लक्षात हॉटेलच्या लिफ्टचं बटण राहावं, असंही होऊ शकतं. पण म्हणून काय किल्ला दाखवायचाच नाही? हिशोबी माणसं मूल तीन पूर्ण व्हायच्या आत जाऊन येतात, कारण डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत तीन वर्षांखाली तिकीट लागत नाही. तिकीट आणि आठवण दोन्ही साधारण एकाच वयात सुरू व्हावीत, हा योगायोग मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलेला आहे.

वाढदिवसाची सकाळ हॉटेलच्या खोलीत उजाडली. केक होता, मेणबत्ती होती, पण छताला स्मोक डिटेक्टरही होता आणि खोलीत काही पेटवायचं नाही हे दारामागच्या कागदावर ठळक छापलेलं होतं. चिरंजिवांनी तोडगा काढला. फोनचा टॉर्च केकमागे धरायचा आणि तिने फुंकर मारली की बाबांनी तो बंद करायचा. पहिल्या फुंकरीला माझं बोट जरा मागे राहिलं. तिने माझ्याकडे नापसंतीने पाहिलं, पुन्हा फुंकर मारली, विझला. टाळ्या झाल्या. मग ती म्हणाली, "परत लाव."

खरी मेणबत्ती विझली की सोहळा संपतो. टॉर्चला अंत नसतो. तिने तो आईसाठी विझवला, दादासाठी विझवला, व्हिडिओ कॉलवरच्या आजीसाठी विझवला आणि आजीला नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा विझवला. आम्ही निघालो तेव्हा फोनची बॅटरी निम्म्यावर आली होती, आणि त्याच फोनमध्ये तिकिटं, नकाशा, जेवणाचं बुकिंग आणि कुठल्या रांगेत किती वेळ जाईल ते सांगणारं अ‍ॅप होतं. थीम पार्कात मूल हरवलं तर तासाभरात सापडतं. फोन बंद पडला तर सगळं कुटुंबच हरवतं.

आत गेल्यावर बिल्ला मिळाला. वाढदिवस असलेल्या पाहुण्याला बिल्ला द्यायची पद्धत डिस्नेच्या पार्कांत आहे, आम्ही गेलो तिथेही होती. त्यावर नाव लिहून देतात आणि पैसे घेत नाहीत. पार्कात फुकट मिळणाऱ्या दोनच गोष्टी, बिल्ला आणि ऊन. कन्येला अजून वाचता येत नाही, ही बाब इथून पुढे फार महत्त्वाची ठरली. कारण आता तिकीट तपासणारा, झाडू मारणारी, आइसक्रीमच्या गाडीवरचा, जो तो वाकून तिला नावानिशी शुभेच्छा द्यायला लागला.

"बाबा, त्या काकांना माझं नाव कोणी सांगितलं?"

"मी."

"आणि त्या मावशींना?"

"त्यांनाही मीच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिने बाबागाडीत बसल्या बसल्या चौफेर नजर फिरवली. गेटमधून माणसांचा लोंढा आत येत होता. बाबागाड्या, टोप्या, एकसारखे टी-शर्ट घातलेली आख्खी कुटुंबं. "एवढी सगळी माणसं माझ्या वाढदिवसाला आली?"

काहीतरी वेगळं घडावं म्हणून मी इतके दिवस डोकं खाजवत होतो आणि ते इथे तयार समोर उभं होतं, तेही बिनखर्चाचं. मी "हो" म्हणालो. कोणत्याही बापाने म्हटलं असतं. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मला लगेच कळला नाही, आणि कळला असता तरी काही फरक पडला नसता.

यजमानपद अंगावर आल्यावर पोरगी बदलली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती "या, या" म्हणू लागली. एका आजोबांनी गिफ्ट आणलं नाही म्हणून थोडी नाराजी झाली. मग तिने बाबागाडीतून मान वळवून मला हळूच विचारलं, "एवढ्यांना केक पुरेल?" हॉटेलच्या फ्रिजमध्ये केकचा उरलेला पाव तुकडा होता. मी म्हणालो, बघू.

बोलावल्यापेक्षा जास्त माणसं येणं ही थीम पार्कांची जन्मजात अडचण आहे, हे तिला कसं समजावणार? १७ जुलै १९५५ हा अमेरिकेत अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडचा पहिला दिवस, म्हणजे ज्याला थीम पार्कांच्या खानदानाचा वाढदिवस म्हणावं तो. त्या दिवशी खोटी निमंत्रणं दाखवून हजारो जण आत घुसले. रस्त्यांवरचं डांबर अजून ओलं होतं, त्यात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे सगळीकडचे नळ पूर्ण झाले नव्हते, तेव्हा संडास चालू ठेवायचे की पिण्याचं पाणी, असा पेच पडला. वॉल्ट डिस्नेंनी संडासांच्या बाजूने कौल दिला. लहान मुलांना घेऊन फिरलेला प्रत्येक माणूस या निर्णयाला उभं राहून मानवंदना देईल. भर उन्हात लोक तहानेने कासावीस झाले आणि हे सगळं टीव्हीवरून देशभर थेट दिसत होतं. तिथल्या लोकांनी त्या दिवसाला पुढे 'ब्लॅक संडे' असं नाव ठेवलं. खुद्द पार्काची अशी गत झाली, तर आम्ही कोण?

आमच्यावरची आफत डांबरातून आली नाही. ती एका रंगीत दांड्याच्या रूपाने आली.

दांडा प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी असतो. त्याच्या खुणेला डोकं पोचलं तर आत, नाही तर नमस्कार. कुठे ही खूण १०२ सेंटीमीटरवर असते, कुठे ११२ वर. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. राइडमध्ये बसल्यावर मांडीवर येणारी आडवी पट्टी ठरावीक मापाच्या अंगालाच धरून ठेवते, आणि त्या मापाचा सोपा अंदाज म्हणजे उंची. पण १०२ हा आकडा फार वाईट जागी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची मधली उंची १०२.७ सेंटीमीटर आहे. म्हणजे ती खूण चार वर्षांच्या पोरांच्या साधारण मधून जाते, आणि चौथा वाढदिवस साजरा करायला आलेल्या घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत रडारड ठरलेली.

आमची एका बोटाने कमी होती. मी तयारीने आलो होतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटीमीटर बुटका होतो. रात्री आडवं झालं की ते सेंटीमीटर परत मिळतं. तेव्हा मोजायचं ते सकाळीच, हे ठरलेलं होतं. हॉटेलच्या पलंगावरून मी तिला उचलून बाबागाडीत ठेवलं ते थेट दांड्यापर्यंत. अधेमधे चालू दिलं नाही, उडी मारू दिली नाही. मिळकतीतला एक मिलिमीटर वाया जाऊ द्यायचा नाही, असा निर्धार होता. चिरंजिवांनी तिच्या केसांचा उंच अंबाडा बांधून घेतला होता. दांड्यापाशी उभ्या असलेल्या मुलीने हसून शुभेच्छा दिल्या, तितक्याच हसून अंबाडा तळहाताने दाबला आणि मान हलवली.

"पण मी आज मोठी झाले ना?" कन्येने विचारलं.

याला उत्तर नव्हतं. सकाळपासून आम्ही सगळे तिला हेच सांगत होतो. आजीने सांगितलं, आईने सांगितलं, वीस हजार पाहुणे मोठी झालीस म्हणायला आले, आणि तिच्याच घरच्या कार्यात एक लाकडी दांडा तिला लहान ठरवत होता. ती रडली नाही. तिने दांड्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "याला कोणी बोलावलं होतं?"

बऱ्याच पार्कांत अशा वेळी एक सोय असते. एक पालक मोठ्या मुलाला घेऊन बसतो, दुसरा लहानाला सांभाळतो, मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. मोठं मूल मात्र दोन्ही पालकांबरोबर बसून येऊ शकतं. याचा परिणाम असा, की बहिणीच्या वाढदिवशी चिरंजीव प्रत्येक राइडमध्ये दोनदा बसले आणि वाढदिवसवाली दोन्ही वेळा कठड्यापाशी उभं राहून टाटा करत राहिली. शेवटी त्यानेच तिला सांगितलं, की तो आत जाऊन सगळं ठीक आहे ना ते तपासून येतोय. हे तिला पटलं. पाहुणे बसणार तर कोणीतरी तपासायला हवंच.

तिला चालणाऱ्या राइडच्या रांगेत आम्ही गेलो. रांगांवर डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ साली लिहून ठेवलं आहे, की रिकामं बसून केलेली वाट बघणी ही हाताला काही काम असताना केलेल्या वाट बघणीपेक्षा लांबलचक वाटते. म्हणून हुशार पार्क रांगेतसुद्धा गमती मांडून ठेवतात. आमच्या कन्येला गमतींची गरज पडली नाही. तिचं म्हणणं एकच होतं. पार्टी माझी, तर रांगेत मी का? पुढच्या काकूंना तिने सौम्यपणे तसं सांगूनही पाहिलं. काकूंनी बिल्ला वाचला, शुभेच्छा दिल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. बिल्ल्याला मर्यादा असते.

मोठ्या डोक्याच्या बाहुल्याबरोबर फोटो हा भाग मी लवकर उरकतो, तिथेही तो लवकरच उरकला. लांबून तिचा जीव होता तो. चार पावलांवर आल्यावर त्याचं डोकं तिच्या आख्ख्या अंगाएवढं आहे हे तिच्या लक्षात आलं. फोटोत मी आणि बाहुला गळ्यात गळे घालून उभे आहोत.

दुपारी मिरवणूक निघाली. तिला मी खांद्यावर घेतलं. वाढीच्या त्याच तक्त्यात चार वर्षांच्या मुलीचं मधलं वजन सोळा किलो दिलं आहे, पण मिरवणूक मानेवर बसून बघितली तर ते किती होतं याचा रकाना तिथे नाही. रथ आले, नाचणारे आले, आणि रथावरच्या राजकन्येने बिल्ला पाहून नेमका तिलाच हात केला. झालं. पुराव्यात जी काही फट होती ती बुजली. वरून मला हुकूम आला, "बाबा, हिला पण थँक्यू म्हण." मी गर्दीतून ओरडून थँक्यू म्हणालो. आतषबाजीपर्यंत ती बाबागाडीत गाढ झोपली होती. आतषबाजी मी बघितली, मान दुखेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पार्कात होतो, कारण तिकिटं तशीच होती. बिल्ला तिने काढू दिला नव्हता. दुपारी त्याच वेळी, त्याच कोपऱ्यावरून तोच बँड वाजू लागला. तेच रथ, तीच राजकन्या. माझ्या हाताला हिसका बसला.

"बाबा, माझा तर काल होता. मग आज कोणाचा आहे?"

बायको एकदम समोरच्या दुकानाची पाटी लक्ष देऊन वाचायला लागली. तिची कालची नजर मला आत्ता कळली. मी काही बोलायच्या आत कन्येने प्रश्न स्वतःच सोडवायला घेतला. गर्दीत शोधत शोधत ती एका मुलापाशी जाऊन थांबली. तिच्याएवढाच असेल. छातीवर तोच बिल्ला, आणि मिरवणुकीकडे बघण्याची मालकी हक्काची तीच तऱ्हा.

"ही परेड माझी आहे," तो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"आज तुझी. काल माझी होती." तिने आपला बिल्ला दाखवला, मग जरा जवळ जाऊन, जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "केक मोठा सांग हं. माणसं फार येतात."

मुलाने मान वर करून त्याच्या बाबांकडे पाहिलं. त्याच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा उघडला आणि जवळात जवळचा संडास शोधायला लागलो.